ऑपरेशननंतरचं ताट आणि आपलं पचखाण



आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की घरात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "पंधरा दिवस अगदी हलकं खा. मुगाचं पाणी, मऊ भात, बस." पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "आई, मी प्रोटीन पावडर मागवलीय, उद्या येईल." दोघांचीही माया खरी असते. पण पहिल्या सल्ल्याने पेशंट अर्धपोटी राहते, आणि दुसऱ्या सल्ल्याचा डबा चार दिवस घेतला जातो, चव आवडत नाही म्हणून मग फ्रीजवर जाऊन बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. ऑपरेशननंतर प्रथिनं हा औषधाचाच भाग आहे. ती आपल्या जैन स्वयंपाकघरात, सूर्यास्ताच्या आत, कांदा-लसूण-कंदमूळ न वापरता पूर्ण मिळू शकतात. पण त्यासाठी हिशेब करावा लागतो, आणि डब्याचा विचार ताटानंतर करायचा असतो.

हलकं म्हणजे किती हलकं?

ऑपरेशनमध्ये कातडी, स्नायू कापले जातात. ते भरून यायला शरीराला प्रथिनं लागतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही तीच लागतात. ताटातून मिळाली नाहीत तर शरीर ती आपल्याच स्नायूंतून काढून घेतं. म्हातारपणी आठ दिवस अंथरुणावर पडलं तरी मांड्या-पोटऱ्या किती सुकतात, हे आपण पाहतोच. मग जखम हळू भरते, उठताना पाय थरथरतात, आणि आपण म्हणतो, "वय झालं."

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे जमाखर्च मांडल्याशिवाय मला पटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. मोठ्या ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ सहसा किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. म्हणजे त्याच बाईला ६६ ते ८२ ग्रॅम.

माझ्या नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिचं घरी आल्यानंतरचं एका दिवसाचं खाणं मी वहीत उतरवलं होतं. दोन कप चहातलं दूध ३ ग्रॅम. दोन खाकरे ४. वाटीभर मुगाचं पाणी अडीच. मऊ भात ४. त्यावर पातळ वरण सव्वाचार. एक फुलका अडीच. संध्याकाळी रव्याची पेज साडेतीन. बेरीज केली तर २४ ग्रॅमही धड भरेना. निरोगी बाईला लागतं त्याच्या निम्मं, आणि हिच्या तर गुडघ्याला टाके.

यातली मोठी फसगत वरणाची असते. "आम्ही रोज डाळ खातो, आम्हाला प्रथिनं कमी कशी पडतील?" असं प्रत्येक घरात म्हणतात. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात, हे खरं. पण आपल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम २० ग्रॅम. बाकी पाणी, हळद आणि फोडणी. मुगाच्या पाण्यात तर त्याहून कमी. डाळ वाईट नाही, तिच्यात आपण घातलेलं पाणी मोजायला हवं.

पूर्ण ताटाचा हिशेब

आता हेच ५५ किलो वजन धरून दुसरा दिवस मांडू. सगळे आकडे कच्च्या मालाच्या वजनावर आहेत आणि थोडे इकडेतिकडे होतील.

नवकारसी झाल्यावर एक मोठा पेला, म्हणजे २५० मिली, गाईचं दूध: ८ ग्रॅम.
नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळीचे दोन धिरडे: १२ ग्रॅम.
अकराच्या सुमारास ३० ग्रॅम डाळ्यांचं पीठ, गूळ आणि सुंठ घालून पाण्यात कालवलेलं: साडेसहा.
दुपारी ४० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण साडेआठ, दोन फुलके ५, सोबत दुधी किंवा दोडका.
तीनच्या सुमारास फक्त दही, १५० ग्रॅम: ५.
चारच्या सुमारास २० ग्रॅम शेंगदाण्यांचा छोटा लाडू: साडेचार.
संध्याकाळी ७५ ग्रॅम पनीरची भाजी १४, एक ज्वारीची भाकरी ४.

बेरीज ६७ ग्रॅमच्या वर जाते. पावडरचा एक चमचाही न घालता. शिवाय डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात कमी असतं ते डाळीत. वरण-फुलका, धिरडं-भाकरी ही आपली जोडी म्हणूनच शहाणपणाची आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या घरांना तर यासाठी शोधाशोध करायची गरज नाही. हुलगे आहेत, शेंगदाणे आहेत, बाजरी आहे, सोयाबीन शेताशेतात आहे. हुलग्याचं माडगं आपल्याकडच्या म्हाताऱ्या अशक्त माणसाला आणि बाळंतिणीला करून घालत आल्या आहेत, आणि हुलग्यात डाळींइतकीच प्रथिनं असतात. पेशंट जरा सावरली की मासवडीसुद्धा चालेल. नावाला घाबरणाऱ्या नव्या सुनांना सांगते, त्यात बेसन, तीळ आणि खोबरं असतं. कांदा-लसूण वगळून, तिखट अगदी कमी करून, रश्शाऐवजी नुसती वडी द्या.

गॅस होईल ही भीती असते, ती खोटी नाही. म्हणून सुरुवात मुगापासून करा. डाळ भिजवून, हिंग-जिरं-सुंठ घालून शिजवा, आणि दर दोन दिवसांनी मात्रा वाढवा. दुखण्याच्या गोळ्यांनी आणि पडून राहण्याने पोट साफ होत नाही, तेव्हा पाणी, दुधी-दोडका, पपई हवीच. पित्ताशय काढलेलं असेल तर सुरुवातीला पनीर साय काढलेल्या दुधाचं करा. पोटाचं, आतड्यांचं ऑपरेशन असेल तर पहिले दिवस डॉक्टर सांगतील तसंच. आणि ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी माझा हा हिशेब अजिबात लावू नये. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

आपले नियम आड येतात का?

येत नाहीत, पण आधी विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट द्विदळाची. कच्चं दही-ताक आणि कडधान्य एकत्र नको, म्हणून वरच्या हिशेबात दही एकटं आणि वेगळ्या वेळी घेतलं आहे. डाळ्यांचं पीठही ताकात न कालवता पाण्यात कालवलं आहे. ज्यांना दही गरम करून घ्यायची सवय आहे त्यांच्यासाठी कढी आहेच.

दुसरी, मोड आलेली कडधान्यं. डॉक्टर सहज लिहून देतात, "स्प्राउट्स खा." ज्यांच्या घरी मोडाचं चालत नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. मोड येण्याने प्रथिनं काही दुप्पट होत नाहीत. भिजवून शिजवलेली मटकी तेवढंच काम करते.

तिसरी, तिथीची. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. पण डाळ, दूध, पनीर, शेंगदाणे, बेसन यांपैकी काहीच हिरवं नाही. उलट तिथीच्या दिवशी आपलं ताट प्रथिनांनी जड व्हायला हवं. प्रत्यक्षात आपण त्या दिवशी खाकरा-चहावर भागवतो.

चौथी आणि सगळ्यात मोठी, वेळेची. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाला मावळतो. नवकारसीची ४८ मिनिटं धरली तर खायला हातात राहतात दहा तास. उरलेले चौदा तास पोट रिकामं. एवढ्या वेळात दोनदाच जेवलं तर ६६ ग्रॅम कसे बसतील? पेशंटला एका वेळी जातच नाही. म्हणून आठ, दहा, साडेबारा, तीन आणि सव्वापाच असे पाच-सहा छोटे वेळ ठरवून घ्या आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चौविहार मोडायची गरज नाही. पण संध्याकाळी पाच वाजता "भूक नाही" म्हणून सोडून दिलेलं पनीर रात्री भरून काढता येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आपल्या घरातला चौविहार पाळणारा पेशंट म्हणजे वेळेवर वाढणाऱ्या माणसाची परीक्षा असते.

आता डब्याबद्दल

मी पावडरच्या विरोधात नाही. आपल्या आंबेगावातल्या मंचरजवळच ती बनते. १९९२ साली देवेंद्र शहा यांनी सुरू केलेली पराग मिल्क फूड्स आपल्याला गोवर्धन तुपामुळे आणि गो चीजमुळे माहीत आहे. त्याच कंपनीचा अवतार नावाचा व्हे प्रोटीनचा डबा बाजारात आहे. व्हे म्हणजे काही परकं रसायन नाही. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, तसंच पाणी चीज करताना उरतं. ते गाळून, आटवून, सुकवून पावडर करतात. चांगल्या पावडरमध्ये १०० ग्रॅमला ७०-८० ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती पचायला सोपी असतात. घरच्या पनीरच्या पाण्यात मात्र प्रथिनं अगदी थोडी असतात. त्यात कणीक जरूर मळा, पण त्याला पावडर समजू नका.

पावडर खरंच उपयोगी पडते ती अशा वेळी: तोंडाला चवच नाही, चार घासांपलीकडे जात नाही, वजन भराभर उतरतंय, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलीय. तेव्हा एक-दोन चमचे दुधात घालून दिवसाउजेडी द्यावी, लाजू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं, ते निरोगी माणसांसाठी. टाके घातलेल्या आईची गोष्ट वेगळी. पण ताट २४ ग्रॅमचं ठेवून वर एक चमचा पावडर टाकली तर खातं तोट्यातच राहणार.

पैशांचंही बघा. मूगडाळ १२० रुपये किलो धरली तर एका किलोत २४० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला अर्धा रुपया. पावडरचा किलोचा डबा अडीच हजाराला धरला आणि त्यात ७५० ग्रॅम प्रथिनं असली तरी ग्रॅमला सव्वातीन रुपये. ज्या घरात ऑपरेशनचं बिल नुकतंच भरलंय तिथे हा फरक लहान नाही.

डबा घ्यायचाच असेल तर मागची बाजू वाचायला शिका. "१०० ग्रॅममागे प्रथिनं" ही ओळ शोधा. रंगीत जाहिरातीच्या कित्येक डब्यांत प्रथिनांपेक्षा साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन जास्त असतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या विभागातून काढायला सांगितलं, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. मधुमेह असेल तर गोड डबा जखम भरण्याच्या आडच येतो.

हिरवा ठिपका बघतोच आपण, पण आपल्यासाठी तो पुरेसा नाही. मध असला तरी हिरवा ठिपका मिळतो. चीज जमवायला रेनेट लागतं. पूर्वी ते वासराच्या पोटातून काढत, आता बरंचसं सूक्ष्मजीवांपासून करतात. ठिपक्यावरून हे कळेलच असं नाही, म्हणून डबा परदेशी असेल तर कंपनीला विचारा. गुडघ्यासाठी म्हणून विकली जाणारी कोलॅजन पावडर जनावराच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून येते, ती आपल्याला नकोच. औषधाच्या कॅप्सूलचं आवरणही बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. डॉक्टरांना सरळ सांगा, "आम्ही जैन आहोत, गोळी किंवा पातळ औषध मिळेल का?" बऱ्याचदा मिळतं. मात्र दुसरी सोय होईपर्यंत अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपाचं काय?

हे लिहिताना काही जणींना राग येईल, तरी लिहिते. ऑपरेशनला महिना झालेला नसताना बियासणं, एकासणं, ओळीत आयंबिल करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि त्यांना "काय श्रद्धा!" म्हणून शाबासकी देणाऱ्या आपणच असतो. त्या शाबासकीने घरातल्या सुनेचं तोंड बंद होतं. तिने ताट पुढे केलं तर ती धर्माच्या आड आली असं होतं.

आपल्या पचखाणातच आगार ठेवलेले आहेत. त्यातला सव्वसमाहिवत्तिय हा आगार नेमका आजारपणासाठी आहे: शरीर इतकं पीडलेलं असेल की चित्ताची समाधी टिकणार नाही, तर औषधोपचार घेतल्याने पचखाण भंगत नाही. ज्यांनी हे नियम रचले त्यांनी आजारी माणसाचा विचार आपल्या कितीतरी आधी केलेला होता. रात्रीची गोळी, पाणी याबद्दल शंका असेल तर महाराज साहेबांना किंवा महासतीजींना विचारा. दवाखान्यातून आलेल्या बाईला त्यांनी उपाशी राहायला सांगितलं असं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि तप म्हणजे फक्त न खाणं नव्हे. बारा तपांपैकी सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. आभ्यंतर तपात स्वाध्याय आहे, ध्यान आहे, विनय आहे, आणि वैयावच्च, म्हणजे सेवा, आहे. पेशंटने पडल्या पडल्या माळ फिरवावी, स्वाध्याय करावा. घरच्यांनी तिला वेळेवर घास भरवावा. दोघांचंही तप होतं. अठ्ठाई, वर्षीतप पुढे आहेतच, अंगात ताकद आली की यथाशक्ति करू.

खरी अडचण मला श्रद्धेत दिसत नाही, सवयीत दिसते. आपण बायका सगळ्यांना वाढून शेवटी बसतो. पनीर नवऱ्याच्या ताटात, दूध नातवाच्या पेल्यात, आणि आपल्या वाटीला पातेल्याच्या तळाचं वरण. आजारपणातही "माझ्यासाठी वेगळं काही करू नका" हेच आपण म्हणतो. पुरुषाचं ऑपरेशन झालं की घरात सकाळ-संध्याकाळ पनीर येतं, बाईचं झालं की मुगाचं पाणी. हा फरक कुठल्याही आगमात लिहिलेला नाही.

माझ्या नणंदेच्या घरी पुढे ताट बदललं. सून धिरडी घालू लागली, मुलगा दुकानातून पाच वाजता येऊन पनीर वाढू लागला. ती लवकर बरी झाली ती केवळ त्यामुळे असं मी म्हणणार नाही. व्यायाम होता, औषधं होती. पण वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि सुनेला म्हणाली, "उद्या मूग जरा जास्त भिजव." आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं.

आपल्याकडे साता विचारायला जायची चांगली रीत आहे. जाताना आपण बिस्किटांचा पुडा, नारळ, मोसंबी नेतो. यापुढे डाळ्यांच्या पिठाचे चार लाडू, घरचं पनीर किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी न्या. दुपारी तीन-चारला जा, म्हणजे तिला आपल्यासमोर खाता येईल. आणि "किती बारीक झालीस गं" म्हणण्याआधी तिच्या सुनेला विचारा, आज हिने काय काय खाल्लं.